जेवणाच्या आधी घराचं बघा

परदेशातून आलेल्या सहकाऱ्याला ऑफिसात आपलंसं कसं करायचं, यावर बऱ्याच जणांनी स्वागताचं जेवण आणि ट्रॅडिशनल डे सुचवलाय, छानच आहे. पण परदेशातून पुण्यात आलेल्या माणसाची खरी दमछाक होते ती घर आणि कागदपत्रांत. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे (एफआरआरओ/एफआरओ) नोंदणी, शिवाय परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) घरमालकाने २४ तासांत भरायचा. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातल्या केनियन सहकारी मुलीच्या घरमालक काकांनी याचं नावही ऐकलं नव्हतं. "नको ती भानगड" म्हणून मोकळे झाले. एचआरमधली एकजण बाणेरला त्यांच्या घरी गेली, लॅपटॉपवर सगळं दाखवलं, तेव्हा कुठे किल्ली मिळाली. प्रत्येक कंपनीने यासाठी एक माणूस नेमूनच द्यावा. आणि डबा खाताना गप्पा मराठीत रंगल्या की शेजारी बसलेल्या परदेशी सहकाऱ्याला विषय तरी सांगत जा.