खाज म्हटली की अँटीहिस्टामिन, ही सवय मोडायला हवी

सी_तंतू: इसब असो, डायलिसिसची खाज असो, चिठ्ठीवर सेटिरिझिन १० मिग्रॅ ही अँटीहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिन या खाज आणणाऱ्या रसायनाला अडवणारी गोळी ठरलेलीच. पण हिस्टामिनचा निरोप ठरावीक सी-तंतूच (त्वचेतले बारीक चेतातंतू) वर मेंदूकडे नेतात. खाजकुयलीचं बघा. तिच्या कुसांतलं म्युक्युनेन हे विकर (एन्झाइम) पार-२ नावाचा ग्राही (निरोप पकडणारं प्रथिन) चेतवतं आणि खाज दुसऱ्याच तंतूंतून वर जाते. म्हणून भोवती हिस्टामिनसारखी रुंद लाली पसरत नाही, आणि अँटीहिस्टामिनही तिथे चालत नाही. इसबातली बरीचशी खाज याच जातीची.

गांधी_पित्त: सरसकट विधानाला माझा विरोध आहे. अंगावर पित्त उठतं तेव्हा मास्ट पेशींतलं (हिस्टामिन साठवणाऱ्या पेशी) हिस्टामिनच त्याच्या एच-१ ग्राहीला चिकटतं. तिथे हीच गोळी पहिली. ती गुण देत नाही कारण लोक गांधी उठल्यावरच घेतात. ग्राही आधीच अडवलेला हवा, म्हणून रोज घ्यायची. झोप न आणणाऱ्या गोळीचा डोस डॉक्टर चौपटीपर्यंत वाढवू शकतात. शिवाय चेताटोकांतून सुटणारं सबस्टन्स पी हे रसायन मास्ट पेशींतूनही हिस्टामिन सोडवतं. मग चेता वेगळी, हिस्टामिन वेगळं, असं कसं म्हणता?

सी_तंतू: पित्ताबद्दल मान्य. इसबाबद्दल नाही. तिथे क्लोरफेनिरामिनने गुंगी येते, म्हणून बरं वाटतं. तीच गोळी ॲसिटिलकोलिनचे (मूत्राशयाला आकुंचन पावायला लावणारं रसायन) ग्राहीही अडवते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना दिली तर लघवी तुंबते. आधी मॉइश्चरायझर भरपूर आणि सूज उतरवणारं मलम.

मिरची_मलम: जागा छोटी असेल तर चेतेवरच काम करा. पाठीच्या फऱ्याच्या आतल्या कडेला, मणक्यातून येणारी चेता दबून खाज सुटते. तिथे मिरचीतल्या कॅप्सेसिनचं ०.०२५ टक्के मलम, दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे. ते टीआरपीव्ही-१ हा तंतूंवरचा उष्णतेचा ग्राही सतत चेतवून तंतू थकवतं. पहिले काही दिवस आग होते. तेवढ्यात लोक सोडतात, किंवा दिवसातून एकदाच लावतात. मग तंतू थकत नाही, नुसती आग पदरात. हातमोजे घाला, लावल्यावर गरम पाण्याची अंघोळ नको. हाताला लागलंच तर आधी तेलाने पुसा, मग साबण.

गांधी_पित्त: इसबाच्या चिरलेल्या त्वचेवर मात्र हे अजिबात नको.

मिरची_मलम: बरोबर, शाबूत त्वचेवरच. आणि डायलिसिसच्या खाजेला गॅबापेंटिन हे चेता शांत करणारं औषध चालतं, डायलिसिसनंतर १०० मिग्रॅपासून. ते मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. नेहमीचा डोस दिलात तर पेशंट झिंगतो, पडतो.