मदत हवी आहे: घरी ऑक्सिजन मशीन लावायचंय (सोलापूर)

नमस्कार मंडळी. वडिलांना सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) आहे, या आठवड्यात दवाखान्यातून घरी सोडतायत. डॉक्टरांनी रोज किमान 15 तास, मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन लिहून दिलाय आणि रक्तातली ऑक्सिजनची पातळी 88 ते 92 टक्क्यांमध्येच ठेवा असं बजावलंय. (शेजारचे काका आत्ताच म्हणतायत, "98 वर न्या की!" सीओपीडीत जास्त ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, हे त्यांना कोण समजावणार.)

आम्ही विडी घरकुलला राहतो. 5 लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) भाड्याने देणारं, आणि रात्री बिघडलं तर फोन उचलणारं खात्रीचं कुणी सांगेल का? एका दुकानात दाखवलेल्या मशीनचा फिल्टर धुळीने राखाडी झालेला. किती तास चाललंय विचारलं तर गड्याने विषयच बदलला. ऑक्सिजनची शुद्धता मीटर लावून दाखवणारं कुणी आहे का?

खरी काळजी लाईटची. मशीन साधारण 350 वॅट खातं, घरचा इन्व्हर्टर कितपत ओढेल? जोडीला बी टाईप सिलिंडर ठेवणार आहे. त्यात 1500 लिटर, म्हणजे 2 लिटरने बाराएक तास. तो मेडिकल ऑक्सिजननेच भरून कुठे मिळेल?

घर दोन खोल्यांचं, गॅस आणि देवघर एकाच भिंतीला. ऑक्सिजनजवळ ज्योत नको म्हणून पलंग बाहेरच्या खोलीत टाकतोय. निरांजनावरून आईशी वाटाघाटी चालू आहेत, उदबत्ती तिने सोडली.

नंबर असतील तर इनबॉक्समध्ये टाका.