बोगद्यातून भंडारदरा गाठायचा, तर मग वाटेतलं काय?

माजिवड्याचा वाटसरू

पुढच्या शनिवारी आमच्या सोसायटीतली चार बिऱ्हाडं भंडारदऱ्याला निघालीत. ठाण्याहून साधारण दीडशे किलोमीटर. जायचं कुठून यावर ग्रुपवर मतदान झालं आणि मी तीन विरुद्ध एक असा पडलो. बाकीच्यांचं ठरलंय की वडप्यापुढे आमण्याला समृद्धी महामार्गावर चढायचं आणि थेट इगतपुरीला उतरायचं. ७६ किलोमीटर, त्यात आठ किलोमीटरचा बोगदा. ५ जून २०२५ ला हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटाचं नाव काढलं की लोक अशा नजरेने बघतात, जणू मी बैलगाडी जुंपायला सांगतोय.

माझं म्हणणं एवढंच, की डोंगरावर जायचं असेल तर आपण चढतोय हे कळलं तरी पाहिजे. आसनगाव आलं की डावीकडे माहुलीचे सुळके दिसायला लागतात. कसाऱ्याच्या अलीकडे चहा होतो. मग घाट. काचेवर धुकं, कानाला दडे, उंटदरीपाशी पाच मिनिटं उतरून खाली नुसतं पांढरं बघायचं. नशीब असेल तर एखादी मालगाडी चढताना दिसते. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ, म्हणून मागून बँकर इंजिनं लावून ढकलतात तिला. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना ते बघून म्हणाला होता, "बाबा, तिला पण धक्का मारायला लागतो?" वर घाटनदेवीला हात जोडायचे की घाट संपला.

बोगद्यात काय बघायचं? दिवे?

तुमचं मत सांगा. माझ्या बाजूने असेल तर जरा लवकर सांगा, शुक्रवारी फेरमतदान मागणार आहे.

हिशेबी कळवेकर

तुमच्या विरोधात. मी पंधरा वर्षं या घाटातून नाशिकला जा-ये केली आहे, त्यामुळे धुक्याचं कौतुक मला सांगू नका. धुक्यात पुढच्या ट्रकचे मागचे दिवे बंद असतात, तेव्हा काय होतं ते मला विचारा. एक कंटेनर वळणावर बंद पडला की दोन तास गेले. तुमची मालगाडी बघून होईल, मग तिकडे पोहोचल्यावर भंडारदऱ्याचं विल्सन धरण अंधारात बघा.

आणि माजिवडा ते वडपे तर दोन्ही वाटांना चुकत नाही. रुंदीकरणाच्या कामात तिथेच तास गेला की घाटात थांबायची हौस कोणाला उरते? समृद्धीचा टोल दीडशेच्या वर बसतो हे खरं. पण चार माणसांत वाटला तर माणशी एका वडापावाच्या दोन प्लेट.

दोन मुलांची आई

"पाच मिनिटं उतरून" हे वाचून हसू आलं. ही पाच मिनिटं नेहमी पुरुषांची असतात. तुम्ही उतरता, आळस देता, आडोशाला जाता, फोटो काढता. आम्ही गाडीत बसून हिशेब करतो की शेवटचं पाणी कधी प्यायलो.

गेल्या पावसाळ्यातलं सांगते. घाटाच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो (नाव नको). जेवण उत्तम, शेवभाजी तर फारच. संडासाची किल्ली गल्ल्यावरच्या माणसाकडे. किल्लीला वीतभर लाकडी ठोकळा बांधलेला, म्हणजे कोणी पर्समध्ये टाकून नेऊ नये. तो ठोकळा हातात धरून बावीस टेबलांमधून चालत जायचं, सगळ्यांना कळतंय कुठे चाललीय. आत बादली होती, मग नव्हता. कडी नव्हती, म्हणून नणंद बाहेर उभी. माझी आठ वर्षांची मुलगी आत गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, मी थांबते घरापर्यंत.

म्हणून माझं मत समृद्धीला. दृश्यासाठी नाही. तिथेही सोयी थोड्याच आहेत, पण तास-दीड तासात इगतपुरीच्या हॉटेलवर पोहोचते हे तरी नक्की.

माजिवड्याचा वाटसरू

ताई, खरं सांगतो, हे डोक्यात आलंच नव्हतं. पण मग ढाब्याला बोल लावायचा की घाटाला?

दोन मुलांची आई

बोल कोणाला लावायचा ते तुम्ही ठरवा. मला जायचं कुठे ते आधी कळू द्या.

नेरूळचा जुना रस्तेवाला

वाटसरू यांना +१. आमच्याकडे हा वाद २००२ लाच झाला, पुण्याचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तेव्हा. सगळे म्हणाले जुना रस्ता मेला. मेला नाही. आम्ही अजून लोणावळ्याला जाताना पळस्पे फाट्याला दत्तकडे कोथिंबीर वडी खातो, खोपोलीला रमाकांतचा वडा बांधून घेतो आणि बोरघाटात शिंग्रोबाला नाणं टाकतो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणजे शिंग्रोबा, अशी कथा आहे. वरच्या एक्स्प्रेसवेवर ताशी शंभरने जाणाऱ्याला त्याची आठवणही होत नाही. फूड मॉलमध्ये मिळतं ते विमानतळावरही मिळतं.

फक्त एक. वडा बांधून घेतला तर खोपोली सोडायच्या आत खा. आमच्या सौ. "घाटात खाऊ, धुक्यात मजा येते" म्हणतात आणि मग लिबलिबीत वडा माझ्या वाट्याला येतो.

हिशेबी कळवेकर

म्हणजे जुना रस्ता टिकला तो वड्यामुळे. मग तेच बोला ना, निसर्ग कशाला मध्ये आणता?

खर्डीकर

मी याच रस्त्यावरचा, शहापूर तालुक्यातला. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सुनावतो, राग मानू नका.

तुम्ही पावसाळ्यात थांबता त्या प्रत्येक वळणावर सोमवारी आम्ही बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा आणि लहान मुलांचे डायपर बघतो. धबधब्याखाली गाणी लावून नाचता. वळणावर अर्धी गाडी रस्त्यात ठेवता आणि मागून भरलेला ट्रक येतो, त्याला ब्रेक लागायला किती जागा लागते याचा विचार कोणी करत नाही. यापेक्षा बोगद्यातून गेलात तर बरं, असं गावात बरेच जण बोलतात.

आता दुसरी बाजू. मे महिन्यात पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसणाऱ्या बाया, पुढे जांभळं, मग पावसात कणसं. हे त्यांचं वर्षाचं रोख उत्पन्न आहे. भात घरी खायला, करवंद मीठ-मिरची आणायला. मागच्या आठवड्यात कणसं भाजणाऱ्या एका मावशीशी बोललो. म्हणाल्या, "ट्रक हायेत रं, पर ट्रकवाला कणीस खात न्हाय. लहान गाड्या कुठं गेल्या?" कुठे गेल्या ते तुम्हाला माहीत आहे.

अवांतर: भातसा, तानसा, मोडक सागर, सगळं पाणी आमच्या उशाला आणि नळ मुंबईत. उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. तुम्ही बाटली फेकता तेव्हा हे जरा जास्त लागतं.

मुरबाडची माहेरवाशीण

खर्डीकर, अगदी मनातलं. मला तर कळतच नाही सगळे त्या एकाच दिशेला का पळतात. आमच्या माळशेजकडे वळा. कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, की घाट आलाच. (धबधब्याखाली जायला बहुतेक पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांची बंदी असते, ते आधी बघा. बंदी असली की पोलीस गाडी थांबवू देत नाहीत, उगाच हुज्जत घालू नका.)

पण मी लिहायला आले ते शेवळांसाठी. पहिल्या पावसाला रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया टोपलीत तपकिरी-जांभळ्या कोंबांच्या जुड्या घेऊन बसतात. शहरातले लोक "हे काय?" विचारतात आणि पुढे जातात. तीच शेवळं. जुडीबरोबर मूठभर हिरवी आंबट फळं देतात, ती काकडं. ती नको म्हणून परत करू नका, ती फुकटची भर नव्हे. शेवळं घशाला खाजतात, काकडांच्या आंबटपणाने ती खाज जाते. आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, काकडं वाटून त्यात. पुढे तुमच्या घरची रीत: कोणी सोडे घालतं, कोणी चण्याची डाळ, कोणी खिमा. आई कोलंबी घालायची. वर्षात जेमतेम काही आठवडे मिळतात. बोगद्यात मिळतात का बघा.

हिशेबी कळवेकर

बोगद्यात नाही, जांभळी नाक्यावर मिळतात. ठाणे स्टेशनपासून चालत. डोंगरावर कशाला जायचं त्यासाठी?

मुरबाडची माहेरवाशीण

जांभळी नाक्यावर येणारी बाई पहाटेची गाडी पकडून, डोक्यावर टोपली घेऊन, लोकलच्या दारात उभी राहून येते. तुम्ही तिच्याकडे गेलात तर तिचा तो दिवस वाचतो. एवढंच. आणि जुडी ताजी.

हिशेबी कळवेकर

हे मान्य. भाजीबद्दल. घाटाबद्दल नाही.

नेरूळचा जुना रस्तेवाला

कळवेकरांनी काहीतरी मान्य केलं, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

माजिवड्याचा वाटसरू

फेरमतदान झालं. जाताना उजेडात घाटातून, येताना अंधारात बोगद्यातून, असा ठराव मी मांडला. दोन-दोन. निर्णायक मत बायकोचं, कारण एक गाडी तीच चालवणार आहे. तिला मी हा धागा वाचायला दिला. मालगाडी, शिंग्रोबा, शेवळं, सगळं वाचलं आणि म्हणाली, "त्या ठोकळेवाल्या बाईला विचार, कुठला ढाबा होता. तिथे थांबायचं नाही."

म्हणजे घाट मंजूर आहे असं मी धरून चाललोय. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घाटाच्या अलीकडे स्वच्छ सोय असलेला एखादा पेट्रोल पंप खर्डीकरांना माहीत असेल तर तेही सांगा.

खर्डीकर

विचारून सांगतो, मी पंपावर उगाच कधी आत गेलो नाही. घरी विचारतो. कणसांसाठी सुट्टे ठेवा, मावशींकडे फोन साधा आहे. आणि कचऱ्याची पिशवी गाडीतच.