वायरलेस ब्रॉडबँड: रात्री स्पीड पडतो आणि डेटा विसाव्या दिवशीच संपतो, नेमकं तपासायचं काय?

माळावरचा_राउटर

वस्ती गावापासून दूर आहे. फायबर येण्याची शक्यता नाही, म्हणून सिमवर चालणारं फोर-जी ब्रॉडबँड घेतलं आहे. टॉवर साधारण ४ किमीवर, मधे थोडी झाडी. राउटर घरातच, टॉवरकडच्या खिडकीत ठेवलाय. राउटरच्या स्टेटस पानावरचे आणि स्पीड टेस्टचे आकडे असे:

सकाळी ६ वाजता: आरएसआरपी उणे १०१, एसआयएनआर १४, डाउनलोड ३५ ते ४० एमबीपीएस, अपलोड ६.
रात्री ९ वाजता: आरएसआरपी उणे १०१, एसआयएनआर ९, डाउनलोड २ ते ३, अपलोड १ च्या आत.

प्लॅन महिन्याला २०० जीबीचा आहे, त्यानंतर स्पीड १ एमबीपीएसवर येतो. सायकल सुरू झाल्यापासून विसाव्या दिवसाच्या आसपास २०० जीबी संपतात. घरात एक टीव्ही, दोन लॅपटॉप, चार मोबाइल आणि अंगणात एक क्लाउड कॅमेरा (रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवणारा). टीव्ही रोज दोन-तीन तास चालतो, तोही रात्रीच.

कंपनीचं म्हणणं, सिग्नल कमी आहे, बाहेरचा अँटेना लावा. अँटेना लावून रात्रीचा स्पीड सुधारेल का? आणि डेटा नक्की जातो कुठे, हे कसं शोधायचं?

बिनतारी

आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत, निम्मं उत्तर त्यातच आहे.

आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती ताकदीने पोचतो ते. तो सकाळी आणि रात्री सारखाच आहे, म्हणजे अंतर, भिंत, झाडी यांचा रात्रीच्या घसरणीशी संबंध नाही. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ येतो ते. रात्री आजूबाजूच्या टॉवरवरही वापर वाढतो, त्यांचा गोंगाट तुमच्याकडे पोचतो, म्हणून तो १४ वरून ९ वर आला. पण तेवढ्याने स्पीड ३७ वरून २ वर येत नाही. ५ डीबीच्या (डेसिबल, सिग्नल मोजायचं एकक) घसरणीनंतरही साधारण दोन तृतीयांश स्पीड उरायला हवा होता. बाकी सगळी घट टॉवरवरच्या गर्दीची आहे.

२० मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका एलटीई (फोर-जी) सेलची, म्हणजे टॉवरच्या एका भागाची, २ बाय २ मिमो (दोन अँटेनांनी एकाच वेळी दोन प्रवाह) आणि ६४-क्वाम (लहरीत डेटा भरायची पद्धत) धरून, कागदावरची कमाल १५० एमबीपीएस असते आणि ती त्या सेलवरच्या सगळ्यांची मिळून. प्रत्यक्षात कितीतरी कमी मिळते, कारण लांबच्या, कमकुवत सिग्नलच्या ग्राहकाला तेवढाच डेटा पोचवायला सेलचा जास्त वेळ जातो. सेलची खरी क्षमता ५० धरा आणि रात्री ९ ला वीस घरांत व्हिडिओ चालू आहेत असं समजा. वाट्याला अडीच येतात. तुमचा आकडा हाच आहे.

लिमिट संपल्यानंतरचा लगाम वेगळा दिसतो. तो पहाटे तीनलाही तेवढाच असतो, आलेख सपाट, ०.९ ते १ च्या मधे. गर्दीचा स्पीड घड्याळाप्रमाणे हलतो. सिग्नलचा दोष असेल तर आरएसआरपी आणि एसआयएनआर आधी पडतात, मग स्पीड.

टेस्ट घेताना लॅपटॉप लॅन केबलने जोडा, बाकी उपकरणं बंद ठेवा, नाहीतर मोजणी वायफायची होते, टॉवरची नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा नोंदी आठवडाभर ठेवा. दर तासाची स्वयंचलित टेस्ट मात्र लावू नका. ४० एमबीपीएसवर दहा सेकंदांची नुसती डाउनलोड टेस्ट ५० एमबी खाते, म्हणजे दिवसाला १.२ जीबी टेस्टमध्येच जातील.

आता अँटेना. तो उपयोगी आहे, पण कंपनी सांगते त्या कारणासाठी नाही. दिशादर्शक अँटेना शेजारच्या टॉवरचा गोंगाट कापतो. रात्रीचा एसआयएनआर ९ वरून १८ वर गेला तर तुमच्या वाट्याच्या तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट डेटा बसतो. म्हणजे अडीचचे साडेचार-पाच होतील. वीस होणार नाहीत. ही अपेक्षा मनात पक्की असेल तरच खर्च करा.

खांब_आणि_केबल

बिनतारी यांच्याशी सहमत. फक्त अँटेना लावायचाच ठरला तर बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते केबलमध्ये, म्हणून थोडं सविस्तर.

राउटर घरात आणि अँटेना खांबावर ठेवून मधे १० मीटर आरजी-५८ ही बारीक अँटेना केबल ओढली तर १८०० मेगाहर्ट्झला ८-९ डीबी केबलच खाते. ९ डीबीआयचा (सिग्नल ९ डीबीने वाढवणारा) अँटेना लावून हाती काहीच उरत नाही. जाड एलएमआर-४०० मध्ये तेवढ्याच लांबीला २ डीबी जातात, पण ती महाग, ताठ, वळवायला अवघड, आणि मिमोसाठी अशा दोन लागतात. एकच केबल जोडून दुसरा पोर्ट मोकळा सोडला तर सिग्नलचे आकडे छान दिसतात आणि स्पीड मात्र घटतो.

त्यापेक्षा आउटडोअर राउटर घ्या, ज्यात मोडेम आणि अँटेना एकाच डब्यात असतात. तो खांबावर चढवायचा आणि खाली फक्त एक बाहेरच्या वापराची कॅट-६ केबल आणायची. वीजही त्याच केबलमधून, पीओई इंजेक्टरने. इथरनेट १०० मीटरपर्यंत चालतं आणि रेडिओ सिग्नलचं नुकसान शून्याच्या जवळ. केबल काळ्या, उन्हात टिकणाऱ्या आवरणाची आणि पूर्ण तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेत लांबीवर व्होल्टेज पडतं आणि राउटर मधेच रीस्टार्ट होत राहतो.

दिशा लावताना आरएसआरपीकडे बघू नका, एसआयएनआर बघा. साधारण ५ अंश फिरवा, एक मिनिट थांबा, आकडा लिहा, पुन्हा फिरवा. सगळ्यात जोरदार सिग्नलची दिशा आणि सगळ्यात स्वच्छ सिग्नलची दिशा कित्येकदा १०-१५ अंशांनी वेगळ्या निघतात. हे काम रात्री ९ लाच करा. सकाळी सेल रिकामा असताना सगळ्याच दिशा चांगल्या वाटतात.

केबल डब्यात शिरण्याआधी खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकेल. कनेक्टरचं तोंड खाली ठेवा आणि त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते. कनेक्टरमध्ये पाणी शिरल्याची खूण अशी की पाऊस थांबून आकाश मोकळं झालं तरी सिग्नल पडलेलाच राहतो. या फ्रिक्वेन्सींना पावसाच्या थेंबांचा त्रास जवळपास नसतो, ओल्या पानांचा मात्र होतो.

खांबाला अर्थिंग आणि घरात शिरण्याच्या जागी इथरनेट सर्ज प्रोटेक्टर, या दोन गोष्टी कृपा करून टाळू नका. उघड्या माळावरचा तो सगळ्यात उंच धातू असतो. वादळात इंजेक्टर प्लगमधून काढून ठेवावा, आणि केबलही.

स्थानिक पुरवठादाराची ५ गिगाहर्ट्झची डिश असलेल्यांसाठी थोडक्यात: तिथे टॉवर नुसता दिसून भागत नाही. ५ किमीच्या लिंकला मध्यावर फ्रेनेल झोनची (नजरेच्या रेषेभोवतीचा फुगीर पट्टा, ज्यातून सिग्नल जातो) त्रिज्या ८ मीटर भरते आणि त्यातला किमान ६० टक्के भाग, म्हणजे नजरेच्या रेषेभोवती पावणेपाच-पाच मीटर, मोकळा लागतो. लिंक लावली तेव्हा छोटं असलेलं झाड तीन वर्षांनी त्यात शिरतं आणि लोक राउटर बदलत बसतात.

डेटामोजणी

मी लिमिटबद्दल लिहितो.

एकच सूत्र लक्षात ठेवा: १ एमबीपीएस तासभर सतत चालला की ०.४५ जीबी. बाकी सगळं यातून निघतं. १०८०पी चा व्हिडिओ ५ एमबीपीएसच्या आसपास असतो, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोज तीन तास पाहिला तर महिन्याला २०२ जीबी. तुमचं अख्खं लिमिट टीव्हीवरच संपेल. तोच व्हिडिओ ४८०पी वर तासाला अर्धा-पाऊण जीबीत भागतो.

पण तुमच्याकडे आज टीव्ही मोठा गुन्हेगार नाही, कारण रात्री लाइनच २-३ ची आहे आणि प्लेअर आपोआप खालच्या दर्जावर उतरतो. विसाव्या दिवशी २०० जीबी, म्हणजे रोज १० जीबी. टीव्हीचे अडीच तास २ एमबीपीएसने सव्वादोन जीबी. लॅपटॉप-मोबाइल मिळून दोन-अडीच धरा. उरलेले पाच-साडेपाच कोण खातंय? माझा संशय कॅमेऱ्यावर आहे. सतत रेकॉर्डिंग ५१२ केबीपीएसवर असेल तरी दिवसाला साडेपाच जीबी होतात, महिन्याला १६६. अपलोडही लिमिटमध्ये धरला जातो, हे कॅमेरा विकणारा सांगत नाही. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये रेकॉर्डिंग सतत आहे की हालचालीवर, आणि बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) किती, ते बघा.

यात तुमच्या स्पीडचाही धागा अडकलेला आहे. रात्री अपलोडला जेमतेम १ एमबीपीएस आहे आणि त्यातला अर्धा कॅमेरा घेतोय. डाउनलोड होणाऱ्या डेटाची पोचपावती अपलोडनेच परत जाते. ती रांगेत अडकली की समोरचा सर्व्हर पाठवण्याचा वेग कमी करतो. कॉलवरचा आवाज तुटण्याचं कारणही बहुधा हेच. एक सोपी चाचणी: रात्री ९ ला कॅमेरा बंद करून स्पीड आणि पिंग (समोरून उत्तर यायला लागणारा वेळ) बघा.

आणि एक धोका आधीच सांगतो. अँटेना लावून रात्रीचा स्पीड ५ झाला की टीव्ही आपणहून १०८०पी वर जाईल आणि लिमिट विसाव्याऐवजी चौदाव्या-पंधराव्या दिवशी संपेल. म्हणून अँटेनाच्या आधी टीव्हीला लगाम घाला. ॲपमध्ये दर्जा ठरवून ठेवला तरी टीव्हीवरची काही ॲप अपडेटनंतर तो विसरतात. राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाची मर्यादा ठरवता येत असेल तर टीव्हीला २ एमबीपीएस द्या. प्लेअर मुकाट्याने ४८०पी वर राहतो, आणि लहान-मध्यम टीव्हीवर ते चांगलं दिसतं.

मोबाइल आणि लॅपटॉप वायफायला फुकट समजतात, तिथूनही गळती होते. अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ‘मीटर्ड’ करा, आयफोनला ‘लो डेटा मोड’, विंडोजला ‘मीटर्ड कनेक्शन’. विंडोजमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ उघडून इंटरनेटवरच्या इतर संगणकांना अपडेट पाठवण्याचा पर्यायही बंद आहे ना ते पाहा.

बँडवाला

एक मुद्दा राहिला. राउटर सध्या कोणत्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) आहे? उणे १०१ आणि ४ किमी, झाडी, भिंत हे पाहता ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ असावा असा अंदाज. हे खालचे बँड लांब जातात, भिंतीतून शिरतात, पण कंपन्यांकडे तिथे रुंदी बहुतेक वेळा ५ किंवा १० मेगाहर्ट्झच असते. लांबचे सगळे ग्राहक त्याच अरुंद पट्ट्यावर गोळा होतात. राउटरच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येत असेल तर रात्री ९ ला १८०० किंवा २३०० वर लॉक करून टेस्ट घ्या. आरएसआरपी उणे ११० दिसला तरी घाबरू नका. तो पट्टा रिकामा असेल तर स्पीड जास्त मिळेल.

बिनतारी

बँडवाला, प्रयोग म्हणून मान्य, पण लॉक कायमचा ठेवू नये असं माझं मत. एकाच बँडला लॉक केलं की कॅरियर ॲग्रिगेशन (एकापेक्षा जास्त बँड एकत्र वापरणं) बंद पडतं, आणि सकाळी मिळणारे ३५-४० बहुधा दोन बँड मिळूनच येत असतील. शिवाय २३०० टीडीडी आहे (अपलोड आणि डाउनलोड एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने), त्यात वेळेचा मोठा हिस्सा डाउनलोडला दिलेला असतो. उणे ११० वर अपलोड आणखी खाली जाईल, आणि यांची दुखरी नस तीच आहे. खालचा बँड वगळून बाकीचे सगळे चालू ठेवता येत असतील तर ते जास्त बरं.

माळावरचा_राउटर

सर्वांचे आभार. कॅमेरा तपासला. सतत रेकॉर्डिंग, ५१२ केबीपीएस, डेटामोजणी म्हणाले तेच. आता कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालून रेकॉर्डिंग तिथेच ठेवतो. पण बाहेरगावाहून बघायचं असेल तर? राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडे वळवणं) केलं, चालत नाही.

डेटामोजणी

चालणार नाही. सिमवरच्या कनेक्शनला बहुतेक वेळा स्वतंत्र सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसतो, कंपनीच्या सीजीनॅटच्या मागे शेकडो ग्राहक एका आयपीवर असतात. बाहेरून आलेली जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमधून बघा. तिथे कॅमेरा आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही, आणि डेटा फक्त तुम्ही बघत असताना जातो. ॲपमध्ये ‘एसडी’ दर्जा निवडा. हालचालीची सूचना चालू ठेवा, पण ओळखण्याच्या क्षेत्रातून झाडाच्या फांद्या वगळा, नाहीतर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला क्लिप चढेल.

कार्ड साधं घेऊ नका, सतत लिहिण्यासाठी बनवलेलं ‘एन्ड्युरन्स’ प्रकारचं घ्या. ५१२ केबीपीएसला ६४ जीबीच्या कार्डात अकरा दिवसांचं रेकॉर्डिंग मावतं, त्यामुळे कार्डापुरता बिटरेट १ एमबीपीएस केलात तरी पाच दिवस हाताशी राहतात.

आणि राउटरवरचा डेटा काउंटर सायकलच्या पहिल्या दिवशी शून्य करा. कंपनीच्या आकड्याशी ७ टक्क्यांपर्यंत फरक आला तर आधी एकक तपासा: एक १००० चा जीबी मोजत असेल आणि दुसरा १०२४ चा, तर एवढा फरक नुसता हिशेबातच पडतो. त्याहून जास्त निघाला तर रोजच्या नोंदींसह लेखी तक्रार करा.