बेनचं काय झालं?

'फ्रेंड्स' या अमेरिकन विनोदी मालिकेत मोनिकाच्या फ्लॅटचा नंबर मध्येच कसा बदलतो असं कुणीतरी विचारलंय ते बरोबरच आहे, सुरुवातीला दारावर ५ दिसतो आणि नंतर २० होतो, समोरच्यांचा पण ४ चा १९ झाला. ५ म्हणजे अगदी खालच्या मजल्यावरचा वाटतो आणि खिडकीतून तर उंचावरचं दिसतं, म्हणून बदलला. ते ठीक आहे, चूक कळली आणि सुधारली.

पण मोनिकाचा भाऊ रॉस तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सीझनमध्ये पण २९ वर्षांचाच कसा? आणि पायलटमध्ये, म्हणजे पहिल्याच भागात, मोनिका तिच्या मैत्रिणीची, रेचेलची, रॉसच्या मित्राशी, चँडलरशी ओळख करून देते ना, मग पाचव्या सीझनमधल्या थँक्सगिव्हिंगच्या फ्लॅशबॅकमध्ये कॉलेजातला चँडलर रॉसच्या घरी जेवायला आलाय आणि तिथे रेचेल पण आहे, नाकाचं ऑपरेशन करायच्या आधीच्या जुन्या नाकासकट!

मला मात्र सगळ्यात जास्त खटकतं ते बेनचं, रॉसच्या मुलाचं. एवढा गोड मुलगा, रॉस त्याला हनुका या ज्यू सणाची गोष्ट सांगायची म्हणून आर्माडिलो या कवचवाल्या प्राण्याचा ड्रेस घालून येतो, तो सीन मी कितीदा बघितला असेल, आणि आठव्या सीझनच्या मध्यानंतर तो दिसतच नाही. रॉस-रेचेलची मुलगी एमा झाली तरी भाऊ-बहीण एकदाही एका फ्रेममध्ये नाहीत, नुसतं दोन मिनिटं बाळाला मांडीवर घेऊन बसवला असता तरी चाललं असतं हो. एकाच सीनमध्ये ग्लासातलं पाणी कमीजास्त होणं मी सोडून देते, वेगवेगळे टेक जोडतात त्यात होणारच, पण पोरगंच विसरायचं म्हणजे काय!