तारा घेण्याआधी गिटार बघा

गिटार वाजवणाऱ्या भाच्याला काय भेट द्यावी, असं तुम्ही विचारलंय, आणि तारांचा सेट द्या, असं बऱ्याच जणांनी सुचवलंय. पण त्याच्या गिटारला नायलॉनच्या तारा आहेत की स्टीलच्या, ते आधी गुपचूप बघून घ्या. नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्या तर ताण इतका वाढतो की ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती गिटारच्या अंगावरची पट्टी) उखडू शकतो. कॅपोही (सूर चढवायला गिटारच्या मानेवर लावतात तो चिमटा) क्लासिकलसाठी सपाट आणि रुंद लागतो.

मला विचाराल तर क्लिप-ऑन ट्यूनर, म्हणजे गिटारला चिमट्यासारखं लावायचं सूर जुळवण्याचं यंत्र, द्या. तो हेडस्टॉकची (खुंट्या असतात त्या टोकाची) कंपनं पकडतो, त्यामुळे शेजारी टीव्ही चालू असला तरी सूर नीट लावता येतो. आणि तुम्ही रत्नागिरीचे, म्हणून आवर्जून सांगते, जोडीला छोटा आर्द्रतामापक द्याच. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला सांगा.