मदत हवी आहे: भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या मालकांकडून प्लंबिंगची कामं कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी,

मी प्लंबर आहे, पुण्यात वाकड, ताथवडे, पुनावळे या पट्ट्यात काम करतो. आधी बरीच वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली नवीन बिल्डिंगच्या लाइनी टाकायचो, आता स्वतःचं सुरू केलंय, सोबत एक हेल्पर आहे. काम येतच नाही असं नाही पण सगळं सुटं येतं, आज दोन फोन तर उद्या एकही नाही, महिन्याचा अंदाज बांधता येत नाही आणि हेल्परचा पगार तर ठरलेला द्यावाच लागतो.

आमच्या भागात हिंजवडीच्या आयटी कंपन्यांमुळे भाड्याने दिलेले फ्लॅट भरपूर. मालक कोणी बेंगळुरूला, कोणी सोलापूरला, कोणी अमेरिकेत. या घरांना काम कायम निघतं, कारण टँकर आणि बोअरचं पाणी जड असतं, क्षार बसून नळाचे स्पिंडल (आतले फिरणारे दांडे), शॉवर, गीझरचं इनलेट सगळं जाम होतं, आणि अकरा महिन्यांचा करार संपून भाडेकरू बदलला की परत काहीतरी निघतंच. असे काही मालक कायमचे जोडले गेले तर माझं गाडं रुळावर येईल.

अडचण अशी की फोन भाडेकरू करतो आणि पैसे मालकाने द्यायचे असतात. काम झाल्यावर भाडेकरू म्हणतो मालक देतील, मालक म्हणतात मी त्याला भाड्यातून कापून घ्यायला सांगितलंय, त्याच्याकडून घ्या, आणि मी मध्ये फोन करत बसतो. एकदोन ब्रोकर कामं द्यायला तयार आहेत पण त्यांचे पैसे बिलात चढवून लावा म्हणतात, म्हणजे १२०० चं काम १८०० ला दाखवायचं. मला ते पटत नाही, मालकाला कधीतरी कळणारच आणि नाव माझं खराब होणार.

तर विचारायचं हे की मालकापर्यंत थेट पोचायचं कसं? लांब राहणारा मालक काय बघून माणूस ठरवतो? जीएसटीचं बिल लागतं का? आणि वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देऊ केलं तर कोणी घेईल का? कोणी स्वतः घरमालक असाल तर प्लीज मोकळेपणाने सांगा.

लांबची_मालकीण:

दादा, मी बेंगळुरूला असते, वाकडला आमचा टू बीएचके भाड्याने दिलाय, म्हणजे तुम्ही शोधताय ती गिऱ्हाईक मीच. खरं सांगते, शंभर-दोनशे रुपये कमी-जास्त यावर मी कधी माणूस ठरवत नाही. मला तिथे येता येत नाही, त्यामुळे काय बिघडलंय आणि ते खरंच दुरुस्त झालं का हे मला दिसलं पाहिजे. भाडेकरू सांगतो पाइप फुटलाय, जो येतो तो म्हणतो सगळं डायव्हर्टर (नळ-शॉवरकडे पाणी वळवणारा भाग) बदलावं लागेल, टाइल फोडावी लागेल, आणि मी इथे बसून कशावर विश्वास ठेवू?

तुम्ही गेल्यावर हात लावायच्या आधी गळतीचा व्हिडिओ काढून मला पाठवा, त्यात तुमच्या आवाजात सांगा काय झालंय. मग सामान किती आणि मजुरी किती हे वेगवेगळं लिहून पाठवा आणि माझं "हो" आल्यावरच काम सुरू करा. झालं की पाणी सोडून परत व्हिडिओ, जुन्या पार्टचा फोटो, सामानाच्या दुकानाचं बिल. एवढं केलंत तर मी पैसे तिथल्या तिथे यूपीआय करीन, भाडेकरूला मध्ये घालायची गरजच नाही. तुमचा पैशांचा घोळ यानेच सुटेल असं मला वाटतं, कारण "हो" कोणी म्हटलं हे व्हॉट्सॲपवर लिहिलेलं असतं. बहुतेक करारांत छोटी दुरुस्ती भाडेकरूची आणि मोठी मालकाची असं असतं पण छोटी म्हणजे किती हे कुठेच नसतं, म्हणून आधीच विचारा की हे कोणाच्या खात्यात.

वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट मी नाही घेणार. सहा महिने काहीच निघालं नाही तर पैसे वाया गेले वाटतं. पण भाडेकरू घर सोडताना डिपॉझिट परत द्यायच्या आधी कोणी सगळं प्लंबिंग तपासून दिलं तर मी आनंदाने पैसे देईन. मागच्या वेळी डिपॉझिट देऊन टाकलं आणि नंतर कळलं की कमोडचा टँक सतत गळतोय आणि सिंकखालचा अँगल कॉक (पाणी बंद करायचा छोटा नळ) तुटलाय. हे तुम्ही का नाही सुरू करत?

तारजोड:

मी इलेक्ट्रिशियन, ठाण्यात. ताईंनी सांगितलेली तपासणी हेच तुमचं खरं काम आहे भाऊ, मीही बोर्ड, एमसीबी, अर्थिंग, गीझर पॉइंट असं बघून देतो आणि माझे जवळपास सगळे कायमचे मालक तिथूनच मिळाले. घर रिकामं असतं तेव्हाच जे करता येतं ते करा. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला (सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भागाला) बोळा लावून २४ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घरात छताला ओल येते का बघायची, हे माणसं राहत असताना कोणी करू देत नाही. ओल दिसली तर ग्राउटिंग करून (टाइलच्या फटी भरून) वाळायलाही वेळ मिळतो. खालच्या घरात गळती गेली की सोसायटीचं पत्र मालकाला येतं, आणि फ्लॅटच्या आतली गळती असेल तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) खर्च त्याच्याच डोक्यावर, सोसायटी बाहेरच्या कॉमन लाइनचं बघते. लांबचा मालक या पत्राला फार घाबरतो. आणि घर दोन महिने बंद राहिलं तर ट्रॅपमधलं वास अडवणारं पाणी आटून वास यायला लागतो, झुरळं येतात, घर बघायला आलेला दारातूनच परत जातो. नुसतं जाऊन पाणी ओतून येणं हेही मालकाला मोलाचं वाटतं, तेवढ्याचेही पैसे घ्या.

पोचायचं कसं म्हणाल तर ब्रोकरपेक्षा भाडेकरार रजिस्टर करून देणारे एजंट गाठा. घरी मशीन घेऊन येतात, मालकाचा आणि भाडेकरूचा अंगठा-फोटो घेतात ते. आपल्या महाराष्ट्रात करार रजिस्टर करणं कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची, त्यामुळे मालक त्यांच्याकडे येतोच आणि नेमका भाडेकरू बदलतानाच येतो. त्यांच्याकडे मालकांचे नंबर मागू नका, कोणाचे नंबर असे वाटणं बरोबर नाही, तुमचं कार्ड द्या आणि करारासोबत पुढे पाठवायला सांगा. दुसरं म्हणजे सोसायटी मॅनेजर. गळतीची तक्रार पहिल्यांदा त्याच्याकडे जाते.

ब्रोकरचं तुम्ही नाही म्हणताय ते एकदम बरोबर. काम दिल्याबद्दल स्वतःच्या मजुरीतून काही द्यायचं असेल तर द्या, पण बिल फुगवू नका.

हिशोबनीस:

जीएसटीचं थोडक्यात सांगतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्व्हिससाठी रजिस्ट्रेशनची गरज नाही, आणि रजिस्ट्रेशन नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही. साधं छापील बिलबुक ठेवा, नंबर, तारीख, फ्लॅट, सामान, मजुरी, सही. घरमालकाला इन्कम टॅक्ससाठी तुमचं बिल तसं लागतच नाही, भाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्च कमी होवो वा जास्त. पण डिपॉझिटमधून कापायचं असेल तर भाडेकरू बिल मागतो, तिथे तुमचं बिल कामाला येतं. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) करून घ्या, सरकारी पोर्टलवर आधारवरून फुकट होतं, कोणाला पैसे देऊ नका.

भाड्याने_राहणारा:

एक विनंती भाडेकरूंकडून. येण्याची वेळ सांगा आणि उशीर होणार असेल तर मेसेज करा, आम्ही घरून काम करत मीटिंगा सांभाळून दार उघडतो. आणि घर सोडतानाची तपासणी कराल तेव्हा भाडेकरूसमोर करा, क्षार बसून जाम झालेला नळ ही आमची मोडतोड नव्हे, ते तुम्ही मालकाला स्पष्ट लिहा. तुम्ही दोन्ही बाजूंनी खरं सांगता हे कळलं तर पुढच्या घरातही मी तुमचाच नंबर मालकाला देईन.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. व्हिडिओचं मी या आठवड्यापासूनच चालू करतो. पाणी भरून ठेवायची टेस्ट आम्ही साइटवर वॉटरप्रूफिंगनंतर कायम करायचो, ती राहत्या फ्लॅटसाठी विकता येईल हे डोक्यात आलं नव्हतं. भाड्याने राहणारे दादा, तुमचं क्षाराचं म्हणणं शंभर टक्के मान्य, स्पिंडल खोलला की क्षाराने गेलाय की कोणी जोर लावून तोडलाय ते लगेच कळतं, मी फोटोसकट लिहीन.

करार करणाऱ्या एजंटना द्यायला मेसेज लिहिलाय, ताई जरा बघा:

"नमस्कार. आपला फ्लॅट रिकामा होत असेल तर डिपॉझिट परत देण्याआधी प्लंबिंगची पूर्ण तपासणी करून देतो. सगळे नळ, फ्लश, गीझरचं कनेक्शन, सिंकखालची लाइन, वॉशिंग मशीनचा पॉइंट आणि बाथरूममध्ये २४ तास पाणी भरून गळतीची टेस्ट. प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ आपल्याला व्हॉट्सॲपवर. टू बीएचकेचे ७०० रुपये. दुरुस्ती निघाली तर सामान आणि मजुरी वेगळी लिहून पाठवीन, आपण हो म्हटल्याशिवाय काम सुरू करणार नाही. छापील बिल मिळेल."

७०० जास्त होतायत का? दोन दिवस दोन चकरा होतात म्हणून तेवढे लावलेत.

लांबची_मालकीण:

अजिबात जास्त नाहीत. फक्त दोन गोष्टी घाला: चावी कोणाकडून घेणार आणि कोणाला परत देणार ते, आणि केलेल्या दुरुस्तीत महिन्याभरात परत गळलं तर मजुरी न घेता येणार का ते. मला पहिल्यांदा हेच दोन प्रश्न पडले. आमचा भाडेकरू पुढच्या महिनाअखेरीला सोडतोय, तुमचा नंबर मला मेसेजमध्ये पाठवा.